ह्यात भारत कुठे आहे?

माझा विकास झालेला आहे. हे मी पदरचं सांगत नाही, तसं प्रमाणपत्रच आहे माझ्याकडे. जाड कागद, वर उठावाचा शिक्का, खाली दोन न वाचता येणाऱ्या सह्या, आणि मधे इंग्रजीत नि चेक भाषेत असं लिहिलेलं, की सदर विद्यार्थिनीने चित्रपट-दिग्दर्शनाचा एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम पूर्ण केला असून ह्या काळात तिचा कलात्मक व वैयक्तिक विकास समाधानकारक झाला. 'समाधानकारक' हा शब्द मला प्राथमिक शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ओळखतो. परत आल्यावर मी तो कागद ठाण्याच्या मावशीला दाखवला. मावशीनं चष्मा लावून कागद पाहिला, चष्मा काढून मला पाहिलं आणि म्हणाली, "हो गं, दिसतोय. दंडाला झालाय जरा."

मावशीला सिनेमातलं काही कळत नाही, पण निदान तिचंच बरोबर होतं. दंडाचं मी पुढे सांगते.

आधी भांडण. माझं भांडण 'वैयक्तिक विकास' ह्या मालाशी आहे, आणि तो विकणाऱ्या जगभरच्या दुकानदारांशी आहे. कुठल्याही फिल्म स्कूलचं माहितीपत्रक उघडा. पहिल्या पानावर एक मुलगी कॅमेऱ्याला डोळा लावून उभी असते, मागे सूर्य मावळत असतो आणि खाली लिहिलेलं असतं : 'स्वतःला शोधा. तुमचा आवाज सापडेल. तुमची गोष्ट जगाला सांगा.' शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, शुल्क. आपल्याकडे पूर्वी स्वतःला शोधायला माणसं हिमालयात जात. त्यांना व्हिसा लागत नसे आणि वर्षभराच्या राहण्याखाण्याइतकी शिल्लक बँकेत आहे असा दाखलाही हिमालय मागत नसे. शिवाय स्वतः सापडला नाही तर निदान जडीबुटी घेऊन परतता येई. हल्लीचा साधक घरावर कर्ज काढून जातो. वडलांची सही जामीनदार म्हणून. म्हणजे स्वतः सापडो न सापडो, हप्ता सापडलेला असतो.

मी गेले ती प्रागला. तिथली फामू ही १९४६ सालची जगप्रसिद्ध शाळा. माझी ती नव्हे. माझी लहान होती, आणि तिचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते तिच्यासारख्या सगळ्याच शाळांना लागू आहे.

तर अर्जात एक निबंध असतो. पाचशे शब्द : 'तुम्हाला घडवणारा प्रसंग.' आता आम्हा मध्यमवर्गीयांना प्रसंग घडवत नाहीत, शिकवण्या घडवतात. आमच्या घरातला सर्वांत निर्णायक प्रसंग म्हणजे दुसरा गॅस सिलिंडर मंजूर झाला तो. मी मालिकांच्या सेटवर नऊ वर्षं कंटिन्युइटी सांभाळली होती. मागच्या दृश्यात सासूच्या हातात चहाचा कप उजवीकडे होता की डावीकडे, ह्यावर माझं पोट चालायचं. ते लिहावं म्हटलं. पण असे निबंध 'बघून देणारे' एक गृहस्थ डेक्कनवर ऑफिस थाटून बसले होते, त्यांनी कप बाजूला सारला.

"मॅडम, घरी काही स्ट्रगल?"

"तसा नाही."

"दुष्काळ? पूर? हुंडा?"

"नाही हो."

"वडील काय करायचे?"

"रेल्वेत होते."

गृहस्थांचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्ही स्टेशनवर वाढलात!"

"क्वार्टर्समध्ये. दोन खोल्या नि पुढे तगरीचं झाड."

"प्लॅटफॉर्म लिहू या," ते म्हणाले. "परदेशात चालतो."

मी त्यांची फी तिथेच ठेवली आणि कपाबद्दलच लिहून अर्ज धाडला. पण त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. ते बाजार ओळखून होते. गिऱ्हाईक काय मागतं ते मला वर्षभरानं, त्यांना तीन मिनिटांत ठाऊक होतं.

मला राहून राहून फाळक्यांची आठवण होते. सिनेमा शिकायला परदेशी गेलेला आपला पहिला विद्यार्थी तो. १९१२ च्या फेब्रुवारीत विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून निघाले नि लंडनला पोचले. ओळखपाळख कोणाची नाही. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ जाऊन संपादक कॅबर्न ह्यांना गाठलं. त्या भल्या माणसानं आधी ह्या धंद्यात पडू नका म्हणून सांगितलं आणि मग सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत नेऊन सोडलं. आठवडाभर फाळके तिथे बघत होते. फिल्म कशी भरतात, कशी धुतात, छापतात कशी. विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन एक एप्रिलला स्वारी परत. आठवड्याचा अभ्यासक्रम! प्रमाणपत्र नाही, निबंध नाही. 'मिस्टर फाळके, तुम्हाला घडवणारा प्रसंग कोणता?' असं हेपवर्थनं विचारल्याची कुठे नोंद नाही. विचारलं असतं तर सांगण्यासारखं होतं हो त्या माणसाकडे! प्लेगमध्ये बायको-मूल गेलेलं, छापखान्यातली भागीदारी मोडलेली, डोळे जाऊन परत आलेले. पण त्यांना स्वतः सापडायचे नव्हतेच, त्यांना फिल्मच्या कडेला भोकं कशी पाडतात ते हवं होतं. आणि घरी येऊन पहिलं काय केलं? वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रण करून तो कसा उगवतो ते महिनाभर टिपलं. 'अंकुराची वाढ'. परदेशी शिकून आलेल्या पहिल्या भारतीय विद्यार्थ्याच्या पहिल्या चित्रपटात विकास झाला तो वाटाण्याचा. पैसे लावणाऱ्याचा विश्वास त्यावर बसला, आणि वर्षभरात, १९१३ साली, 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. भोकं सरस्वतीबाईंनी पाडली, रात्री, अंधारात, दिवसभर युनिटचा स्वयंपाक करून. त्यांच्या वैयक्तिक विकासाचा दाखला कोणी दिला नाही.

असो. प्राग.

वर्गात आम्ही अकराजण, नऊ देशांतले. सरांना आमची नावं उच्चारता येत नसल्यामुळे दुसऱ्याच दिवशी आम्ही आपापले देश झालो. "कोलंबिया, लाइट बघ." "कझाकस्तान, खिडकी लाव." मी अर्थातच इंडिया. आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं की ही नुसती हाक नव्हती, नेमणूक होती. प्रत्येकानं आपापल्या देशाचं दुःख घेऊन यायचं होतं आणि ते वर्गात उघडून दाखवायचं होतं, गावाहून आलेल्या पाहुण्यानं पिशवीतून फणस काढावा तसं. नॉर्वेची फार पंचाईत झाली. बिचारीच्या देशात सगळं ठीक चाललं होतं. तीन आठवडे तिला विषय मंजूर होईना. शेवटी सरांनी तिला बर्फातला एकटेपणा दिला.

लेबनॉनचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. त्या मुलाला एक हलकीफुलकी गोष्ट करायची होती, बैरुतमधल्या आपल्या काकाच्या केशकर्तनालयाची. काका गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो, फडकं बांधतो आणि मग राजकारणावर वाद घालून अर्धी हजामत झालेलं गिऱ्हाईक हाकलतो. आम्ही संहिता ऐकून पोट धरून हसलो. सर म्हणाले, "छान. पण युद्ध?" तो म्हणाला, ह्या गोष्टीत नाही. सर म्हणाले, "तुझ्या गोष्टीत नाही? तू तर लेबनॉन आहेस." दोन महिने हे चाललं. अखेर त्यानं ते दुकान प्रागमधल्या एका तळघरात उभं केलं आणि शेवटी बॉम्बनं उडवलं. सिनेमा दोन महोत्सवांत गेला. सरांनी पाठ थोपटली. त्या रात्री ट्रामच्या थांब्यावर तो मला म्हणाला, "काकाचं दुकान चालू आहे गं अजून. रोज विचारतो, सिनेमा कधी दाखवतोस. काय दाखवू?"

ह्याला वैयक्तिक विकास म्हणत असतील तर आमच्या सिलिंडरचा प्रसंगही फार वरच्या दर्जाचा होता.

आता तुम्ही म्हणाल, बाई एवढी चिडलीय तर गेली कशाला, नि वर्षभर राहिली कशाला? तर राहिले, कारण दुपारी दोननंतर तिथे दुसरीच शाळा भरत असे. माहितीपत्रकात तिचा उल्लेख नव्हता. ती दुसऱ्यांच्या सिनेमावर राबण्याची शाळा. प्रत्येकाचा सिनेमा व्हायचा तर बाकीच्या दहांनी त्यावर हमाली करायची, असा शिरस्ता. स्वतःचे दोन केले, त्याला वर्षातले फार तर वीस दिवस गेले. उरलेले दिवस मी दुसऱ्यांची होते. तुर्कस्तानच्या सिनेमात मी क्लॅप दिला, कोरियाच्या सिनेमात प्रेत झाले, मेक्सिकोच्या सिनेमात 'कुठल्याही देशातली मोलकरीण' झाले, आणि जवळजवळ सगळ्यांच्या सिनेमात बूम धरला.

बूम म्हणजे लांब काठी आणि तिच्या टोकाला लोकरीचं मांजर गुंडाळल्यासारखा माइक. तो बोलणाऱ्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर धरायचा. चौकटीत दिसता कामा नये, सावली पडता कामा नये, आणि बोलणारा वळला की आपणही वळायचं. चार मिनिटांचा शॉट असेल तर चार मिनिटं हात डोक्याच्या वर. दुसऱ्या मिनिटाला दंड थरथरतो. तिसऱ्याला आपला आवाज सापडतो, तो "आई गं" असा असतो, आणि तो गिळावा लागतो. दंडाचा विकास झाला तो असा. पण त्या काठीखाली उभं राहून मी जेवढं ऐकलं तेवढं आयुष्यात ऐकलं नव्हतं. तुर्की मला येत नाही. तरी त्या नटीच्या तोंडून वाक्य निघण्याआधी तिचा श्वास कुठे अडतो ते आठव्या टेकला मला कळू लागलं, आणि काठी आपसूक पुढे जाऊ लागली.

आणि रूम टोन! दृश्य संपलं की त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून घ्यावी लागते. पुढे संकलनात तुकडे जोडायला ती लागते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी, एकीची दुसरीला चालत नाही. तर साउंडवाला ओरडला की सगळे होते तिथे पुतळे. कोणाच्या हातात वायर, कोणाच्या तोंडात सँडविच. कोणाची गोष्ट नाही, कोणाचं दुःख नाही, नऊ देश अर्धा मिनिट फ्रिजची घरघर ऐकताहेत. सबंध वर्षात आंतरराष्ट्रीय असं जे काही झालं ते मला ह्या अर्ध्या अर्ध्या मिनिटांतच झालेलं दिसतं.

माझा दुसरा सिनेमा बोलेक्स कॅमेऱ्यावर करायचा होता. हा किल्लीचा कॅमेरा. भिंतीवरच्या घड्याळासारखी किल्ली द्यायची. पूर्ण दिली की जेमतेम अठ्ठावीस सेकंद चालतो. फिल्म मिळते शंभर फूट, म्हणजे पावणेतीन मिनिटं. मोबाइलवर दिवसभर चित्रण करणाऱ्या पिढीला हे रेशनकार्डावर साखर आणण्यासारखं वाटतं. मला मात्र ती सक्ती आवडली. बघायला एकच संधी असली की माणूस आधी डोळ्यांनी बघतो.

मी राहायचे त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजोबा होते, निवृत्त ट्रामचालक. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चाळीस चेक शब्द येत होते, त्यांतले दहा भाज्या. तरी आमचं जमलं. तिथे एक पद्धत आहे, आपल्यासारखीच : घरात शिरताना बूट दाराशी काढायचे. पण थंडीचा देश, म्हणून पाहुण्याला घालायला घरातल्या सपाता देतात. आम्ही चौघे आणि आजोबा. दाराशी पाहुण्यांच्या सपातांचे तीन जोड होते, आजोबांच्या पायांत एक होता, आणि भिंतीशी आणखी एक, बायकी, फुलाफुलांचा, टाचेला झिजलेला. आजोबांनी तीन जोड वाटले. चौथी मी. त्यांनी भिंतीशी असलेल्या जोडाकडे पाहिलं. मग आपल्या पायातला जोड काढून मला दिला आणि स्वतः मोज्यांवर उभे राहिले.

मी ट्रामबद्दल ठरवलेलं सगळं रद्द केलं आणि पावणेतीन मिनिटं तेच चित्रित केलं. दार, बूट, सपातांचं वाटप, मोजे. संवाद नाही. आजोबांनी तोच क्रम आमच्यासाठी पुन्हा केला, आणि दुसऱ्या खेपेलाही तो जोड त्यांनी दिला नाही.

वर्गात दाखवला. दिवे लागले. सर हनुवटी खाजवत म्हणाले, "नाजूक आहे. पण इंडिया, मला एक सांग : ह्यात भारत कुठे आहे?"

भारत कॅमेऱ्याला किल्ली देत होता, असं उत्तर मला सुचलं. ते रात्री, भांडी घासताना. वर्गात मी एवढंच म्हटलं, की सर, ह्यात चौथा मजला आहे.

वास्तविक हे त्यांना त्यांच्याच गावात सांगायची वेळ यावी? ॲग्नियेश्का होलँड पोलंडहून फामूत शिकायला आली. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा ती तिथे विद्यार्थिनी होती. पुढे तुरुंगातही जाऊन आली. १९६९ च्या जानेवारीत यान पालाख ह्या वीस वर्षांच्या पोरानं त्या आक्रमणापुढे मान तुकवली जाऊ नये म्हणून भर चौकात स्वतःला पेटवून घेतलं. चेक लोकांच्या काळजातली ही गोष्ट पडद्यावर आणली कोणी? २०१३ मध्ये, ह्या पोलिश बाईनं. 'ह्यात पोलंड कुठे आहे?' असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. त्याच फामूत पटकथा शिकलेला मिलॉश फोर्मन अमेरिकेत गेला आणि १९७५ साली अमेरिकन वेड्यांच्या इस्पितळावर सिनेमा काढून पाच ऑस्कर घेऊन आला. आणि लांब कशाला? बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' १९३६ साली दिग्दर्शित केला तो फ्रान्झ ओस्टेन ह्या जर्मन गृहस्थानं. हिंदीचा गंध नव्हता. अशोककुमार आणि देविकाराणी गात असताना मालाडमध्ये कोणी पुढे होऊन म्हणालं का, "ओस्टेनसाहेब, ह्यात तुमचं म्युनिक कुठे आहे?"

दुसऱ्याकडे बघण्याचा परवाना काहींना जन्मतः मिळतो. आम्हाला आमच्याकडेच बघा म्हणून सांगतात, तेही पैसे घेऊन, आणि त्याला विकास म्हणतात. इथे माझं डोकं फिरतं.

बरं, परत आल्यावर तरी सुटका? एका स्नेहसंमेलनात तो सिनेमा दाखवला. एक ज्येष्ठ रसिक उठले. म्हणाले, "ताई, तंत्र उत्तम. पण आपल्या मातीतलं काही करा की." हेच ते! प्रागच्या सरांचे हे सख्खे चुलतभाऊ. चौथ्या मजल्यावर माती कुठून आणू? आणि आपली माती म्हणजे तरी नक्की काय? ज्यांना आयुष्यभर फरशी पुसायला बाई लागली त्यांना सिनेमात मात्र माती लागते. माझा जन्म रेल्वे क्वार्टर्समधला. दाराशी चपला कशा पडल्यात त्यावरून घरात कोण आलंय ते ओळखत मी मोठी झाले. माझी माती असेल तर ती तेवढीच आहे, आणि ती त्या सिनेमात आहे. दिसली नाही तर दिवे लावू का?

मावशीला दिसली. तिनं पावणेतीन मिनिटं पाहिलं, गप्प बसली आणि मग म्हणाली, "बायकोच्या होत्या ना त्या?" मी मान हलवली. "मग कशाला देईल," मावशी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

हल्ली मुलंमुली सल्ला विचारायला येतात. परदेशी कोर्स, कर्जाचे कागद, निबंधाचा मसुदा. बहुतेक मसुद्यांत प्लॅटफॉर्म असतो. डेक्कनवरच्या गृहस्थांचं बरं चाललेलं दिसतं. मी मसुदा वाचत नाही. दाराआडचा लांब झाडू आणून हातात देते आणि सांगते, हा डोक्यावर आडवा धर, टोकाकडचं माझ्या मावशीच्या डोक्यावर येऊ दे, तिला लागता कामा नये, आणि ती बोलेल ते ऐक. चार मिनिटं. मावशी वाटेल त्या विषयावर चार मिनिटं बोलू शकते. बरीचशी मुलं दोन मिनिटांत झाडू खाली ठेवतात. एकानं तर मला विचारलं, "मॅम, ह्यात माझी व्हिजन कुठे येते?"

गेल्या महिन्यात कराडची एक मुलगी आली होती. तिनं चारही मिनिटं धरला. मावशी आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होती, आणि मधेच, भूल देण्याआधी नर्सनं तिचा हात धरला होता ते सांगताना, नेहमीप्रमाणे जरा थांबली. मुलीनं झाडू वीतभर पुढे नेला.